फुलबाजाराचा चर

काँक्रीटची गाडी अजून रस्त्याच्या कोपऱ्यावरही दिसत नव्हती, पण टाचणीने साच्यावरून बांधलेली पातळीची दोरी पुन्हा एकदा ताणून पाहिली. दोरी सरळच होती. रात्रीत ती कुठे पळून जाणार होती? पण हाताला चैन पडत नव्हतं. आधी तिने साच्यावर हात फिरवला, मग पक्कड कमरेला खोचली, काढली आणि परत खोचली.

"अगं, दोरीला दम घेऊ दे जरा," मामा म्हणाला.

मामा म्हणजे तिच्या आईचा थोरला भाऊ, सेंट्रिंगचा मिस्त्री. काँक्रीट ओतण्याआधी त्याला आकार देणाऱ्या फळ्या, टेकू आणि साचे बसवणं हे त्याच्या टोळीचं काम. टाचणी लग्नाआधीपासून त्याच्याच हाताखाली शिकली. अंगाने काडीसारखी, बोलायला टोचरी आणि ओठांत कायम एखादा खिळा धरलेला, म्हणून मामानेच तिला हे नाव ठेवलं, आणि पुढे तिच्या नवऱ्यासकट सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

आज सकाळी हातातला चहा संपवता संपवता मामा अगदी सहज म्हणाला होता, "आज हाक तुझी."

टाचणीच्या हातातला पेला तसाच राहिला. ओतकामाच्या दिवशी हाक एकाचीच असते. 'सोड' म्हटलं की गाडीच्या पन्हळीतून काँक्रीट सुटायचं, 'थांब' म्हटलं की थांबायचं, मग समोर कुणी का उभा असेना. आजवर ती हाक मामाचीच होती.

"आणि तू काय करणार?" तिने विचारलं.

"मी फावडं मारणार आणि तुझ्या चुका काढणार," मामा म्हणाला.

त्यात कामाची जागा फुलबाजाराची. दुसरं कुठलंही काम असतं तर टाचणी इतकी हरखली नसती. या लांबलचक शेडमध्ये तिच्या आईचा गाळा होता. टाचणीने चालायला शिकताना पहिला तोल सांभाळला तो इथल्याच बादल्या धरून. शेडमध्ये फुलांचे ढीग, देठांचा कचरा आणि सगळीकडे पाणी. संध्याकाळी प्रत्येकजण आपापल्या बादल्या तिथेच ओतायचा आणि पाण्याला जायला वाट नसायची. सडकी पानं, बुळबुळीत फरशी, कुणी ना कुणी रोज घसरायचं. आईने तर पावसाळी बूट घालूनच उभा जन्म काढला. विक्रेत्यांनी तक्रारी करून करून शेवटी बाजाराच्या मंडळाला जाग आणली. जुनी फरशी उखडून शेडच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांडपाण्याचा पक्का चर करायचा आणि त्यावर लोखंडी जाळी बसवायची असं ठरलं. विक्रेते तोवर बाहेर रस्त्याकडेला ताडपत्रीखाली बसले होते. बसले म्हणजे नावाला. गिऱ्हाईक नसलं की सगळे शेडच्या उघड्या बाजूला, कुणी आत येऊ नये म्हणून लावलेल्या दोरीपलीकडे उभे राहून काम बघत.

चर करायची रीतही या वेळी वेगळी होती. एरवी आधी चराचा तळ ओतायचा, तो सुकला की दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करून भिंती ओतायच्या, मग फळ्या काढायच्या आणि शेवटी फरशी. इंजिनीअर मॅडमनी मात्र थर्माकोलचे लांब लांब ठोकळे मागवले होते. तळाशी गोल, वर सपाट, अगदी चराच्या पोकळीच्या आकाराचे. पहिला ठोकळा उथळ, पुढचा त्याहून जरासा खोल, त्याच्या पुढचा आणखी खोल, म्हणजे पाण्याचा उतार साच्यातच आलेला. वरच्या दोन्ही काठांना जाळीसाठी लोखंडी पट्ट्या. हा सगळा साचा खणलेल्या खड्ड्यात, जमिनीत ठोकलेल्या गजांना बांधून अधांतरी धरायचा आणि चर नि फरशी एका दमात ओतून टाकायची. काँक्रीट घट्ट झालं की थर्माकोल उपसायचा. मागे राहील तो चर.

"म्हणजे भोक आधी आणायचं आणि त्याच्याभोवती भिंत ओतायची!" पहिल्या दिवशी मामा म्हणाला होता, आणि मॅडम हसून हसून बेजार झाल्या होत्या. पण नंतर त्यांनी टाचणीला बाजूला घेऊन बजावलं होतं. "हे प्रकरण हलकं आहे. ओलं काँक्रीट त्याला खालून उचलतं, पाण्यात बुडवलेला चेंडू वर येतो ना, तसं. दोन्ही बाजूंनी सारखं ओतायचं, थर देत देत. आणि बांधणी अशी करा की हत्तीने ओढलं तरी सुटता कामा नये."

टाचणीने तशीच बांधली होती. एकेका गजाला तारेचे पीळ देता देता तिची बोटं काळीनिळी झाली होती.

"हे काय गं?" दोरीपलीकडून आवाज आला. आई आली होती, काखेत गुलाबांचा भारा धरून. "फ्रिजच्या खोक्यातला कचरा पुरणार आहात होय आमच्या बाजारात?"

"आई, कामाच्या वेळी बोलू नकोस."

"ऐकलंत?" आई शेजारच्या झेंडूवालीला म्हणाली. "फुलं सोडून खिळे चावायला गेली, आता आईला गप्प बसवते."

हे जुनंच होतं. लेकीने गाळा चालवावा ही आईची इच्छा. लेक मामामागे गेली, तेव्हापासून आई भावाशी तासभर बोलली तरी त्यात एक टोमणा ठरलेला. मामा फावड्यावर हनुवटी टेकून मिश्किल हसला आणि तेवढ्यात गाडीचा घरघराट ऐकू आला.

टाचणीने खिळा तोंडातून काढून खिशात टाकला. गाडी उलटी येत येत शेडच्या तोंडाशी थांबली, पोट गरगरा फिरत होतं. ड्रायव्हरने पन्हळ खाली केली, मान बाहेर काढून विचारलं, "हाक कुणाची?"

"माझी," टाचणी म्हणाली. आवाज जरा चिरकलाच. मग तिने घसा साफ केला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडली, "सोड!"

करडं, जाडसर काँक्रीट पन्हळीवरून सळसळत आलं आणि साच्याच्या डाव्या अंगाला पडलं. "थांब! उजवीकडे! सोड!" फावडी चालू झाली. टोळीतला भुंगा व्हायब्रेटरची नळी काँक्रीटमध्ये खुपसत पुढे सरकू लागला. त्या यंत्राच्या गुणगुणण्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं. नळी लागली की काँक्रीट थरथरायचं, सैल व्हायचं आणि साच्याच्या गोल पोटाखाली आपोआप शिरायचं. टाचणी वाकून बघत होती, पळत होती, ओरडत होती. पहिला ठोकळा झाला, दुसरा झाला. पट्ट्या दोरीला तंतोतंत लागून होत्या. तिच्या अंगात असं काही वारं शिरलं होतं की पाय जमिनीला लागतात की नाही तेही कळेना. पहिली गाडी रिकामी झाली, दुसरी लागली. मॅडम उंची मोजायची लेव्हल लावून बसल्या होत्या, त्यांनी नुसता अंगठा वर केला.

"बरं चाललंय," मामा जाता जाता पुटपुटला. मामाच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

आणि शेडच्या बरोबर मध्यावर घोळ झाला.

शेडच्या कडेने पुढे सरकताना गाडीचं मागचं चाक एका दगडावरून उतरलं, पन्हळ हिसका बसून फिरली आणि काँक्रीटचा हा एवढा लोंढा एकाच अंगाला कोसळला. टाचणी "थांब!" म्हणून किंचाळली, ड्रायव्हरने लगेच थांबवलंही, पण ढीग पडायचा तो पडलाच. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुठेतरी कट् असा बारीक आवाज झाला. मग आणखी एक. तिथली जमीन भरावाची होती, जुना नळ काढून माती टाकलेली. त्या मातीतून गज दातासारखे उपटून येत होते. आणि टाचणीच्या डोळ्यांदेखत लोखंडी पट्टीने दोरीला वर ढकललं आणि ती आणखी वर आली.

साचा तरंगू लागला होता.

मधला ठोकळा असाच वर राहिला, तर चराच्या पोटात उंचवटा होणार, पाणी तिथे अडणार, आणि सगळा बाजार परत पहिल्यासारखा डबक्यात उभा राहणार. काँक्रीट घट्ट झालं की मग फोडण्यावाचून इलाज नाही.

मामा फावडं टाकून पुढे धावला, तोंड उघडलं, आणि मध्येच थबकला. त्याने टाचणीकडे पाहिलं. "बोल," तो म्हणाला. "लवकर बोल."

"मॅडम?" टाचणी ओरडली.

मॅडम लेव्हल सोडून धावत आल्या होत्या. "अजून ओलं आहे, खाली जाईल! पण वजन पाहिजे, भरपूर, आणि आत्ताच्या आत्ता!"

वजन! सिमेंटची पोती? गोदाम शेडच्या पलीकडच्या टोकाला, ओल्या काँक्रीटच्या पार. विटा? नाहीतच. टाचणी गर्रकन वळली. दोरीपलीकडे अख्खा फुलबाजार माना उंचावून उभा होता. आई मधोमध, भरभक्कम, दोन्ही हात कमरेवर.

"आई!" टाचणीने हाक मारली. "इकडे ये! सगळे या! मामा, फळ्या टाक पट्ट्यांवर, लांबीच्या!"

"अगं, आम्ही काय करणार?"

"उभं राहायचं!"

आईने गुलाबांचा भारा होता तिथेच टाकला आणि दोरी वर उचलून आत शिरली. मागोमाग झेंडूवाली, हारवाल्या जावाजावा, जरबेरावाला आणि त्याचा म्हातारा सासरा. मामाने आणि ड्रायव्हरने जाड फळ्या पट्ट्यांवर टाकल्या होत्या. आई पहिली चढली. फळी करकरली.

"जन्मभर माझ्या वजनाला हसलात ना?" ती फळीवर तोल सांभाळत म्हणाली. "घ्या आता!"

"एकमेकांचे खांदे धरा! हलायचं नाही, नाचायचं नाही!" टाचणी ओरडत होती. "भुंग्या, साच्याच्या खाली नळी घाल, सैल कर त्याला! मामा, तो ढीग दुसऱ्या अंगाला फेक! पटापट!"

व्हायब्रेटर गुणगुणू लागला. फळ्यांवर माणसांची रांग लागली, जणू आगगाडीच आणि इंजिनाच्या जागी आई. पायाखालचं काँक्रीट थरथरलं, तसा हारवाल्या जावांपैकी धाकटीने "अगंबाई!" करून मोठीला मिठी मारली. त्या दोघी गेल्या कित्येक महिन्यांत एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

टाचणी पोटावर आडवी पडून दोरीच्या रेषेत डोळा लावून बघत होती. "जातंय! खाली जातंय! थोडं आणखी!" पट्टी इवली इवली उतरत होती. साच्याखालून काँक्रीट दोन्ही काठांनी बदबदत वर येत होतं आणि मामा ते फावड्याने ओढून घेत होता. आता बोटभर राहिलं. मग अर्धं बोट. आणि मग काही केल्या हलेना.

"काय झालं?" आईने वरून विचारलं.

"आणखी एक माणूस पाहिजे. चांगला जड."

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. ताडपत्रीखाली एका भक्कम स्टुलावर लिलीवाला बसला होता. बाजारात त्याच्याइतकं खाऊनपिऊन सुखी दुसरं कुणी नव्हतं. गाळा सोडून तो सहसा उठतही नसे, सगळं हाताच्या अंतरावर मांडलेलं.

"मी? गुडघे दुखतात माझे," तो म्हणाला.

"गुडघे घरी जाऊन दुखव!" आई गरजली. "ऊठ!"

लिलीवाला उठला. झुलत झुलत आला, मामाने एका बाजूने आणि ड्रायव्हरने दुसऱ्या बाजूने धरून त्याला फळीवर चढवलं. त्याने दुसरा पाय टेकवला मात्र, पट्टी सुळकन खाली गेली आणि दोरीखाली जाऊन बसली, जशी सकाळी होती तशी.

"बसली!" टाचणी किंचाळली. मॅडमनी लेव्हल लावून पाहिली आणि त्याही किंचाळल्या, "बसली!" फळीवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली, तशी टाचणी परत ओरडली, "खांदे सोडू नका!"

"मग आता उतरू का?" लिलीवाल्याने विचारलं.

टाचणी आणि मॅडम एकमेकींकडे बघू लागल्या. एकजण जरी उतरला तरी साचा परत वर येणार. काँक्रीट घट्ट व्हायला दुपार उलटून जाणार.

"तोवर मी इथे?" लिलीवाला हादरला.

"तिने सांगितल्याशिवाय कुणी उतरायचं नाही!" आई म्हणाली. "हाक तिची आहे!"

टाचणीला ते ऐकू आलं. तिने वर पाहिलं नाही, कारण बघायला वेळ नव्हता, पण तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. वजन पाहिजे, माणसाएवढं, आणि न कंटाळणारं. तिची नजर ताडपत्रीखाली गेली. फुलं टिकवायला पाणी साठवायचे निळे पिंप ओळीने उभे होते.

"पिंप!" ती म्हणाली. "रिकामे आणा, फळीवर ठेवा आणि इथेच भरा! नळी ओढा!"

मग जी पळापळ झाली! ड्रायव्हर पिंप गडगडवत आणतोय, मामा फळीवर उभे करतोय, मॅडम स्वतः नळी धरून पाणी भरताहेत. एक पिंप भरला की शेजारची माणसं उतरायची, पुढचा भरला की पुढची. पट्टी जागची हलू नये म्हणून टाचणी दोरीशी डोळा लावूनच पडून होती आणि एकेकाला हाक देत होती, "जरबेरावाले, उतरा. सावकाश. आता आजोबा." शेवटी लिलीवाला आणि आई राहिले. दोघांमध्ये ठेवलेला पिंप भरला, तेव्हा कुठे ते उतरले. लिलीवाला म्हणाला, एवढा वेळ आपण शेवटचं कधी उभे होतो ते आठवत नाही.

पुढचं काम सरळ झालं. दुसरी गाडी संपली, तिसरी आली, टाचणीचा घसा बसला आणि ती हातवाऱ्यांनी हाक देऊ लागली. फरशीवरून थापी फिरली, कडा घोटल्या गेल्या. शेडच्या टोकाला शेवटचं फावडं पडलं तेव्हा ती तिथेच मातीत फतकल मारून बसली. मामा शेजारी येऊन बसला. त्याची नजर फरशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती.

"चुका काढणार होतास ना?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"शोधतोय," मामा म्हणाला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. काँक्रीट मुरेपर्यंत टाचणीला घरात करमेना. नवऱ्याने वाढलेली भाकरी ती तशीच हातात धरून बसायची. "चरात आहेस का अजून?" तो विचारायचा. मध्यावरचा तो तुकडा वरून सरळ दिसत होता, पण पोटात काय झालंय ते थर्माकोल निघाल्याशिवाय कोण सांगणार?

शेवटी तो दिवस उजाडला. सकाळीच टोळीने उपसायला सुरुवात केली. ठोकळे कापून, मोडून, ओढून काढताना पांढऱ्या कण्यांनी सगळ्यांचे केस भरले आणि भुंगा तर एकदम म्हातारा दिसू लागला. खाली चर उघडा पडला, गुळगुळीत, करडा, सुरईच्या पोटासारखा गोल. विक्रेत्यांना आत येऊ दिलं होतं. सगळे दोन्ही काठांना ओळीने उभे.

"पाणी सोडा," मॅडम म्हणाल्या.

"नुसत्या पाण्यात काय कळणार?" झेंडूवालीने एक फूल चराच्या तोंडाशी धरलं. "माझं पहिलं पोचणार."

मग काय, प्रत्येकाला चेव चढला. गुलाब, जरबेरा, लिली, हारवाल्या जावांनी मिळून एकच मोगरा. आईने आपला गुलाब निवडून निवडून घेतला. टाचणीने नळ सोडला. पाणी खळखळत आलं, फुलं उचलली आणि निघालं. माणसं काठाकाठाने पळू लागली. "चल! चल!" "लिली पुढे आहे!" "अहो, ढकलू नका!" आईचा गुलाब भराभर पुढे काढत गेला, झेंडू मागे पडला, आणि शेडच्या मध्यावर येऊन गुलाब गर्रकन फिरला आणि थांबला. मागून लिली येऊन धडकली. जरबेरा अडकला. पाणी तिथे फुगायला लागलं.

काठाने पळणारी माणसं जागीच थांबली.

टाचणी धावत तिथे पोचली. तीच जागा. ती गुडघ्यांवर बसली, मग सरळ आडवी झाली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. बोटं तळावरून मागे पुढे फिरली. उंचवटा? नाही. तळ गुळगुळीत. मग बाजूच्या भिंतीशी काहीतरी मऊ लागलं. तिने ते नखांनी खरवडलं, ओढलं, आणि तिच्या मुठीत थर्माकोलचा एक गोळा आला, उपसताना मागे राहून गेलेला.

ती तो गोळा डोक्यावर नाचवत उठली, पण तिच्याकडे कोण बघतोय? फुगलेलं पाणी धाडकन सुटलं होतं, आणि गुलाब, लिली, जरबेरा, मोगरा सगळे एकमेकांना ढकलत पुढच्या टोकाकडे सुसाट निघाले होते, त्यांच्यामागे अख्खा बाजार, मामा, मॅडम, आणि गुडघे विसरून लिलीवाला. टोकाच्या खड्ड्यात सगळी फुलं एकदमच कोसळली. पहिलं कुणाचं ते कुणालाच दिसलं नाही. नळ बंद केल्यावर मागे चरात पाण्याचा एक थेंबही साचला नव्हता.

मॅडम भिंतीला टेकून धापा टाकत हसत होत्या. मामाने टाचणीच्या पाठीत अशी थाप मारली की ती पडता पडता वाचली.

"ही शर्यत धरायची नाही," तेवढ्यात आईचा आवाज आला. ती टाचणीकडेच येत होती, ओच्यातून नवा गुलाब काढत. "माझा पुढे होता, तुमच्या कचऱ्याने अडवला. परत सोड पाणी."

"आई, झाली ना परीक्षा—"

"परत सोड म्हणते ना! आणि या वेळी हाक नीट दे. सगळे एका रेषेत उभे राहू देत."

टाचणीने हसत ओला हात कपड्याला पुसला, नळाशी परत जाऊन तो त्यावर धरला आणि घसा साफ केला.